तुळईखालचा भुसा

मामांचं घर उतरवलं तर सुताराला काय मिळणार होतं? ओसरीची तुळई! अखंड, धुराने काळीभोर, आता रान पालथं घालूनही न मिळणारी. मनातल्या मनात त्याने तिची टेबलं केव्हाच करून ठेवली होती. मामांना मिळणार होतं सिमेंटचं घर. मामींना काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"तुळई किड्यांनी पोखरलीय, दादा," जमिनीवरच्या भुशाकडे बोट दाखवत सुतार म्हणाला. "उद्याच माणसं आणतो."

मामांनी मान डोलावली. सुट्टीला आलेल्या तिन्ही भाचरांचे चेहरे पडले.

त्यांतली थोरली ताई शाळेसाठी गल्लीचं चित्र काढत होती. सगळ्या घरांच्या ओसऱ्या एकमेकींना बिलगलेल्या. माणूस डोक्यावर ऊन न घेता थेट विहिरीपर्यंत जाई.

"तुळईचं दुसरं टोक शिंपीणकाकूंच्या भिंतीत आहे," ती म्हणाली. "आपलं घर उतरलं, की त्यांचं छप्पर लटकलं. मग त्यांच्या पलीकडचं!"

"म्हणजे गल्लीच खलास!" भोपू ओरडला. त्याला हळू बोलता येत नसे. म्हणून तर तो भोपू!

चष्मिस मात्र विचारात पडली होती. ओसरी झाडायचं काम मामींनी गोड बोलून तिच्या गळ्यात मारलं होतं.

"भुसा रोज नसतो," ती म्हणाली. "सुतारकाका येऊन गेले, की असतो."

"किडे काय त्यांची वाट बघत बसतात?" भोपूने विचारलं.

"तेच बघूया की!"

ताईने शिडी धरली. भोपू चढला आणि त्याचं डोकं तुळईवरच आपटलं. "आई गं!" तरी मामींची जुनी काळी चादर त्याने तुळईखाली झोळीसारखी बांधलीच. ओसरीतल्या अंधारात ती दिसेना. चष्मिसने खालची जमीन लख्ख झाडली.

सकाळी सुतार खांद्याला पिशवी लटकवून माणसं घेऊन आला. त्यांना बाहेर थांबवून तो ओसरीत जरा रेंगाळला. मग मामांना हाक मारली.

"बघा दादा, रात्रीत केवढा भुसा!"

"कुठून पडला, काका?" चष्मिसने गरीब चेहऱ्याने विचारलं.

"कुठून म्हणजे? वरून!"

"मग चादरीला भोक पाडून आला वाटतं!"

सगळ्यांनी वर पाहिलं. सुतारानेही! जिच्यावर डोळा होता, तिच्याकडे मान वर करून त्याने इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं. भोपूने चादर सोडून झटकली. थोडी काजळी, एक भेदरलेला कोळी. भुशाचा कणही नाही!

"पिशवी उलटी करा बरं," मामी शांतपणे म्हणाल्या. भुसा भसाभसा सांडला.

"मी तरी कुठे वर पाहिलं?" मामा पुटपुटले.

"पोरांनो, माझं छप्पर राखलंत!" गलका ऐकून आलेल्या शिंपीणकाकूंनी तिघांची पाठ थोपटली.

आता किंमत मोजली कुणी काय? सुताराने गल्लीतल्या सगळ्या ओसऱ्यांच्या खिळखिळ्या फळ्या फुकट ठोकून दिल्या, शिंपीणकाकूंच्या नजरेखाली. मामांनी सिमेंटचं स्वप्न सोडून दिलं. भोपूला एक टेंगूळ पडलं. आणि चष्मिस? "इतकं नीट कुणालाच झाडता येत नाही!" असं मामांनी चारचौघांत जाहीर केलं, आणि उरलेली सगळी सुट्टी झाडू तिच्याच हातात राहिला.