पुढचं पान

दुपारची शिफ्ट लागली आणि मोनालीनं कंट्रोल रूमचा कॉम्प्युटर उघडला तो रोजच्यासारखा भारतच्या नावानं. कुरकुंभच्या त्या कारखान्यात भारत गेल्या पावसाळ्यात तीन नंबरच्या टाकीत ढवळायच्या पात्यात सापडून गेला. त्याचा पासवर्ड मात्र कुणी बंद केला नाही, आणि नवा मागायला साहेबांच्या दारात उभं राहायचा सगळ्यांनाच कंटाळा. मेलेल्या माणसाच्या नावावर अख्खी शिफ्ट चालायची. लाज कुणालाच वाटत नव्हती, मोनालीलाही नाही.

आज त्याच टाकीत तिचा नवरा इंद्रजीत धुवायला उतरला होता. पडद्यावर लिहिलं होतं, 'पातं बंद'. मोटरचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा नियम होता. पण पडदाच बंद म्हणतोय म्हटल्यावर कोण कशाला काढतोय!

वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला. "मोना, डोकं गरगरतंय गं. हवेचा आकडा बघ की."

"बघते. तवर शिडी धरून बसा तुम्ही."

तिनं 'हवा'वर क्लिक केलं. पान बदलायच्या आधीच मध्ये चौकट आली. नाव, पासवर्ड. मागं जुनंच पान दिसत होतं. कॉम्प्युटरवाली शितल घसा फोडून सांगायची, "ताई, मागं दिसतंय त्या पानावर विसंबू नका. पासवर्ड विचारत असतंय ते पुढचं पान. आधी वर त्या पानाचा पत्ता बघा." मोनालीनं पाहिलं. पत्त्याची पट्टी कोरी होती.

तिनं भारतचं नाव टाकलं. चौकट गेली आणि परत आली. आता खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : 'हा आधीच आत आहे.'

तिनं 'रद्द' दाबलं. चौकट पुन्हा हजर. 'दुसरं नाव?'

"मोना... लवकर बघ." त्याची जीभ जड झाली होती.

मोनालीच्या नावाचा पासवर्डच नव्हता. हजेरीसाठी इंद्रजीतचा स्वतःचा होता, मोनालीचीच जन्मतारीख. पत्ताबित्ता गेला खड्ड्यात, माणूस गुदमरतोय! तिनं त्याचं नाव टाकलं.

या खेपेला चौकट लगेच मिटली.

खिडकीची काच थरथरली. वॉकीटॉकीतून लोखंडाची घरघर आली, मग किंकाळी, मग हाडं मोडल्याचा आवाज.

ती लाल बटणावर मुठी आपटत राहिली. बोटं फुटली. मोटर थांबेना.

"फ्यूज काढा! अरे, फ्यूज काढा कुणीतरी!"

काढला कुणीतरी. तोवर टाकीखालच्या नळीतून येणारं धुण्याचं पाणी लालभडक झालं होतं. नळीच्या तोंडाशी हातमोजा अडकला होता, आणि तो रिकामा नव्हता.

मोनाली वळली. पुढचं पान उघडलं होतं.

'स्वागत, इंद्रजीत. तुम्ही आत आहात.'

खाली 'बाहेर पडा' असं बटण होतं. ती रक्ताळल्या बोटानं ते दाबत होती. ते दबत नव्हतं.