कण्हेरीचा मावा

सासऱ्याच्या मरणानं सुनेला काय मिळणार होतं? सलग झोप. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं करणाऱ्या विधवेला याहून मोठा नफा कोणता? शिवाय परवाच ती शेजारणीजवळ बोलून बसली होती, "सुटू दे गं एकदाचं!"

त्यामुळे म्हातारा औषध पिऊन दगावला आणि पेल्याच्या तळाशी कण्हेरीच्या पानांचा चोथा सापडला, तेव्हा सगळ्या नजरा तिच्यावरच खिळल्या.

फौजदारबाई पोलिसात येण्याआधी कीटकशास्त्र शिकल्या होत्या. सवयीनं त्या आधी अंगणात डोकावल्या. तिथं नुसते गुलाब. शेंड्याशेंड्यावर हिरवा मावा, रस शोषणारी बारीक कीड.

"मामंजींचं करायचं की झाडांचं?" सून ओशाळून म्हणाली.

"औषध कोणी पाजलं?"

"मीच. रोज मीच."

"बाटली कुठं असते?"

"उशाशी."

"आज तुम्ही आंघोळीला गेला असाल, तेव्हा उशाशी कोण होतं?"

"वन्सं. सकाळीच आल्या."

"वहिनी, माझं नाव कशाला घेतेस?" नणंद उसळली. "कंटाळलेली तू!"

बाईंची नजर नणंदेच्या कापडी पिशवीवर गेली. शिवणीत पिवळेधमक ठिपके वळवळत होते. पाय काळे.

"हे काय?"

"मावा! आल्या आल्या हिचे गुलाब तोडले, ते पिशवीत टाकले होते."

"गुलाबावरचा मावा हिरवा, फार तर गुलाबीसर. हा पिवळा, काळ्या पायांचा. हा कण्हेरीवर नाहीतर रुईवर राहतो, गुलाबाला तोंड लावत नाही. इथं दोन्ही नाहीत."

"वन्संचं तर कुंपणच कण्हेरीचं आहे," सून भाबडेपणानं बोलून गेली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

बाई नणंदेकडे वळल्या. "तिकडून पानं आणलीत. वहिनी आंघोळीला गेल्यावर ती ठेचून रसासकट बाटलीत मिसळलीत. औषध मुळातच कडू, त्यांना कळणार कसं? चोथ्याचा आळ पाजणारीवर येणारच होता. इथं येण्याआधी मी तुमच्या वडिलांच्या वकिलांशी बोलले; वडील उद्या हे घर सुनेच्या नावावर करणार होते. वडिलांनी ते सांगितलं होतं फक्त तुम्हाला."

"पोटची मी! आणि घर हिला?"

"घर? मला?" सुनेनं विचारलं. "मला तर कधी धड बोललेही नाहीत."

बापाचा जीव गेला, लेकीचं उरलेलं आयुष्य गेलं. सुनेच्या वाट्याला तेवढी झोप आली. दुसऱ्या दुपारी ती आडवी झाली, औषधाच्या वेळेला धडपडून उठली, पेला विसळला आणि रिकाम्या खाटेपाशी तो हातात धरून उभी राहिली.