तांड्यात वारा नाही म्हणे!

"उद्या तुमची पवनचक्की काढून नेनार," बाजेवर लोळत मारोतराव म्हणाला. "साहेबाइले कळवलं मी. ह्या तांड्यात वाराच नाही!"

धरमसिंग बघतच राहिला. सुट्टीत त्याच्या घरी वणीहून त्याची वर्गमैत्रीण शहनाज आणि तिचा धाकटा भाऊ जफर आले होते. कय्युम मेकॅनिकची ही मुलं खास पवनचक्की बघायला आली, आणि ती मात्र मागच्या वादळापासून ढिम्म उभी! मारोतराव तिचा सरकारी राखणदार.

"परदेशात तिच्यावर पीठ दळतात म्हने," जफर म्हणाला.

"इथं धोतर वाळवतात," शहनाज म्हणाली. पवनचक्कीच्या पायथ्याशी असलेल्या लोखंडी दांड्यावर मारोतरावचं धोतर पसरलेलं होतं.

धरमसिंगला हसू आलं नाही. त्याची आई चंदाबाई नाल्यातला झिरा खरवडून अर्धी घागर गढूळ पाणी घेऊन येत होती. पवनचक्की गेली की तांड्याच्या नशिबी कायम हेच. आणि हा गडी लोळत सांगतो, वारा नाही! संताप येईल नाही तर काय?

पलीकडे खळ्यावर तुरीची उपणणी चालली होती. भूस थेट बांधापर्यंत उडत होतं.

"वारा नाही, तर हे भूस काय पायानं चाललं?" शहनाजनं वर पाहिलं. "अरे, शेपूट दुमडलेलं हाय!"

"मंग?" धरमसिंगनं विचारलं.

"वारा पात्याइवर बसला की चाक फिरते, पंपाचा दांडा वरखाली होते अन् विहिरीतलं पानी वर येते. शेपूट चाकाचं तोंड वाऱ्याकडं धरते. वादळात ते तारेनं ओढून दुमडा लागते, नाही तर पाती तुटतात. अब्बानं सांगतलं."

"वादळ तर कवाच गेलं. उघडलं काहून नाही?"

शेपटाची तार खाली आली होती ती नेमकी धोतराखालच्या दांड्यापर्यंत. मुलं पुढे सरकताच मारोतराव खेकसला, "सरकारी माल हाय. तंगडी तोडीन!"

"याडी, उद्याची उपणणी इथं जवळ करू," धरमसिंग आईच्या कानात म्हणाला.

सकाळी साहेब आले. मारोतरावनं त्यांना बाजेवर बसवून चहा दिला. वारा येत होता त्या अंगाला चंदाबाईनं सूप उंच धरून तूर सोडली, आणि सगळं भूस साहेबांच्या टोपीवर अन् चहात!

"हे कुठून आलं?" साहेब खोकत उठले.

"वाऱ्यानं आनलं साहेब," शहनाज म्हणाली. "जो इथं नाही, त्यानं."

जफरनं दांड्यावरचं धोतर ओढलं. साहेबांनी दांडा पाहिला, मग तारेवरून नजर वर शेपटापर्यंत नेली. त्यांचा चेहरा लाल झाला. "वादळानंतर हे सोडलंच नाहीस?"

"लय कुरकुरते साहेब. दुपारी डोया लागत नाही."

एका माणसाच्या झोपेपायी अख्खा तांडा झिऱ्यावर!

"अन् साहेब, तुमी?" चंदाबाई कडाडली. "हुकूम काढ्याच्या आंधी येकडाव वर पायलं असतं तर?"

साहेबांनी मान खाली घातली आणि स्वतः दांडा सोडला. शेपूट उघडलं, चाक वाऱ्याकडे वळलं, आणि थोड्याच वेळात नळातून पाणी कोसळलं.

"पोरांनो, तुम्ही नसता तर मी धडधाकट पवनचक्की उचलून नेली असती," साहेब मुलांची पाठ थोपटत म्हणाले. तिची राखण त्यांनी चंदाबाईकडे सोपवली.

त्या दुपारी झिऱ्यावर कुणीच गेलं नाही. पवनचक्की कुरकुरत होती, आणि तिच्याखाली मारोतरावच्या बाजेवर चंदाबाई गाढ झोपली होती.