सैतानाची पाणंद

शेंगांची टोपली अजून अर्धी राहिली होती आणि सगळ्यांना तहान लागली होती, म्हणून टॉल्बर्ट आजोबांनी डल्सीला आतून पाणी आणायला पाठवलं. बादलीच्या वर दोन खिळ्यांना भोपळ्याचे दोन तुंबे टांगलेले असत. नेहमीचा तुंबा रूफसनं आधीच पडवीत नेला होता. डल्सीनं टाचा उंचावून दुसरा काढला.

"तो नाही," आजोबा दारातून म्हणाले. ते ओरडले नाहीत, पण त्यांच्या हातातली शेंग चिरडली. "जागेवर ठेव. नाही... थांब. आण इकडं."

त्यांनी तुंबा मांडीवर पालथा ठेवला आणि कंदिलाची वात खाली केली.

"गेल्या हिवाळ्यात तुमची आजी गेली. ती होती तोवर या घरात ही गोष्ट काढायची सोय नव्हती. आता ऐका."

"भुताची आहे?" रूफसनं विचारलं.

"तूच ठरव. आणि शेंगा सोलत राहा, तोंड चालवू नकोस."

तेव्हा ती कुणाची आजी नव्हती. ती ऑर्लेना बर्डेट होती, सतरा वर्षांची, आणि तिच्या पोटात वर्षभर राग धुमसत होता.

बर्डेटांचं आणि स्पर्लॉकांचं शेत लागून होतं. पूर्वी मधे फोडलेल्या ओंडक्यांचं एकच कुंपण होतं. मग बर्डेटांनी धार लावायचा दगड उसना नेला आणि तो तडकून परत आला. कुणी तडकवला यावरून शिव्या झाल्या, शिव्यांवरून काठ्या, काठ्यांवरून बंदुका. त्या दगडापायी पाच माणसं गेली. सामाईक कुंपण नको म्हणून दोघांनी आपापलं वेगळं घातलं, आणि मधे बैलगाडी जाईल एवढी जमीन उरली. ती कुणी नांगरत नसे. तिथं गवत माजलं. लोक तिला सैतानाची पाणंद म्हणत. तिच्यात पाऊल टाकलं तर दोन्ही बाजूंनी गोळी यायची.

आमच्या डोंगरात कुणाच्या घरी जायचं तर फाटकाशी थांबून आधी आपलं नाव ओरडून सांगायचं, मग पुढं यायचं. ही रीत. पण या दोन घरांनी आपल्या पोरांना उलटं शिकवलं होतं. अंधारात नाव सांगायचं नाही. नाव ऐकलं की शत्रूला नेम सापडतो.

हे ऑर्लेनाच्या भावाला, लेफला, त्याच्या बापानं शिकवलं होतं. लेफ हिवाळ्यात लाकडं तोडायला आणि त्यांचे तराफे नदीनं खाली न्यायला गेला, तेव्हा त्याचा आवाज पोरीसारखा बारीक होता. मे महिन्यात तो रात्रीचा चालत घरी निघाला. लांबचा रस्ता सोडून पाणंदीतून आला. गोळी कुणाची लागली ते कधीच कळलं नाही.

रात्रभर तो ओरडत होता. "आई... पाणी..."

आवाज घोगरा, बाप्याचा. नाव काही तो सांगेना.

"स्पर्लॉकांचा आहे," बाप, हायरम बर्डेट, म्हणाला. "किंवा आपल्याला बाहेर काढायचा डाव आहे. कुणी हलायचं नाही."

आणि आई म्हणाली, "ज्याचा आहे त्याची आई बघेल."

उजाडल्यावर बघितलं तर लेफ. ओठ फाटलेले. बोटं पाइनची राळ लागून काळी झालेली. पुढं हिवाळ्यात आई गेली. ऑर्लेना बापाची भाकरी भाजत राहिली, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

पुढच्या वर्षी, अठराशे शहाऐंशी साली, मेची नऊ तारीख होती, रविवार. बरोबर तीच रात्र फिरून आली होती. दिवस मावळताना ऑर्लेना झऱ्यावर पाणी भरायला गेली. हवा छान होती, बेडूक ओरडत होते. दोन कुंपणांपलीकडं स्पर्लॉकांची म्हातारी, महाला, गाय हाकत चालली होती.

"काय गं बर्डेटची! तुझा बाप जिवंत आहे का अजून?"

"आहे की! तुमचीच वाट बघतोय."

"त्याच्या मयतासाठी मी काळा झगा धुऊन ठेवलाय म्हणावं."

"जपून ठेवा. तुमच्याच अंगावर चढायचा."

म्हातारी थुंकली. ऑर्लेनाही थुंकली. असं रोजचंच होतं. बादली घेऊन ती घरी आली. मक्याची भाकरी झाली, जेवणं झाली. हायरमनं दाराला अडसर घातला आणि बंदूक गुडघ्यांवर घेऊन बसला.

कोवळा चंद्र डोंगराआड गेला, आणि बेडूक एकदम गप्प झाले.

"आई..."

ऑर्लेनाच्या हातातलं ताट खाली टेकलं.

"आई... पाणी..."

तोच आवाज. घोगरा. तिथूनच.

"बाबा."

"ऐकलं मी. बस खाली."

"लेफ आहे."

"लेफला मी माझ्या हातानं पुरलाय. हा स्पर्लॉकांचा डाव आहे. दिवस लक्षात ठेवून केलाय हरामखोरांनी."

"आणि खरंच कुणी माणूस असेल तर? कुणाचाही?"

"कुणाचाही असला तर आपला नाही."

ऑर्लेना उठली. बादलीत तुंबा बुडवला. तो काठोकाठ भरून घेतला. नंतर तिनं मला सांगितलं, त्या वेळी बापाच्या डोक्यात बादली घालावी असं वाटत होतं.

"दाराला हात लावलास तर..."

"तर काय? गोळी घालाल? घाला. घरातलं एकच माणूस उरलंय. तेही संपवा, म्हणजे झोप तरी लागेल तुम्हाला!" तिनं अडसर ओढला. "मागल्या वर्षी त्यानं नाव का नाही सांगितलं, माहितेय? तुम्ही शिकवलं होतं म्हणून. शहाणा मुलगा. मरेपर्यंत बापाचं ऐकलं त्यानं!"

हायरमचं तोंड उघडलं. बंदूक मात्र त्यानं गुडघ्यांवरून उचलली नाही.

ती अंगणात आली. कुंपणापर्यंत गेली. पलीकडं स्पर्लॉकांच्या घरात दिवा नव्हता, पण बंदुका जाग्या असणारच. ती कुंपणावर चढली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली.

"मी ऑर्लेना बर्डेट! हायरमची मुलगी! पाणी घेऊन पाणंदीत उतरतेय! मारायचंय त्यानं मारा!"

काहीच नाही. पानसुद्धा हललं नाही.

मग पलीकडून, अगदी जवळून, एक थकलेला आवाज आला. "महाला स्पर्लॉक. मीही उतरतेय."

दोघी दोन बाजूंनी खाली आल्या. गवत कमरेएवढं. म्हातारीच्या हातातही तुंबा होता.

"मला वाटलं, माझा जेसी," म्हातारी म्हणाली. "तोही असाच गेला होता, नदीकाठी. एकटा." तुंबा सावरत ती म्हणाली, "मागल्या वर्षीही मी पाणी घेऊन उठले होते गं. पोरांनी दार अडवलं."

"आमच्याकडं कुणी दार अडवलं नव्हतं," ऑर्लेना म्हणाली. "आम्ही नुसतेच बसलो होतो."

"पाणी..."

आवाज त्यांच्या पायांशी होता.

दोघी वाकल्या. तिथं कुणी नव्हतं. गवत मात्र दबलेलं होतं... माणसाच्या लांबीचं. आणि बघता बघता आणखी दबलं. कुणी कुशीवर वळावं तसं.

म्हातारी मटकन खाली बसली. ऑर्लेना बसली नाही. तिनं तुंबा पुढं केला. हात लांब करून. अंधारात.

"लेफ," ती म्हणाली. "घे."

तुंबा जड झाला.

कुणीतरी... धरला होता.

ती सोडेना. तोही सोडेना. मग हळूहळू तुंबा हलका होत गेला. अगदी हलका. पाणी खाली सांडल्याचा आवाज झाला नाही. कसलाच आवाज झाला नाही.

मग बेडूक पुन्हा ओरडू लागले.

म्हातारी तिचा भरलेला तुंबा घेऊन परत गेली. जेसीनं काही मागितलं नव्हतं. जाताना ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, मी अजून त्याच्या मरणाची वाट बघतेय." ऑर्लेना म्हणाली, "सांगते."

भांडण काही त्या रात्री मिटलं नाही. त्यानंतरही बर्डेटांच्या भावकीतला एक माणूस गेला, एक तिकडचा. मग गोळ्या घालायला कुणी उरलं नाही, तेव्हा मिटलं. लोक म्हणतात, दोन्ही घरं शहाणी झाली. शहाणी कसली डोंबलाची!

हायरम मात्र अंथरुणात मेला. तोवर आमचं लग्न झालं होतं, मी तिथंच होतो. त्याची जीभ लाकडासारखी झाली होती. "पाणी," तो म्हणाला. ऑर्लेना लगेच उठली. नाही म्हणाली नाही. त्या रात्रीचाच तुंबा भरून तिनं त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तुंब्याकडं बघितलं. वरच्या कडेपाशी नाही, खाली, बुडाशी. बराच वेळ बघितलं. मग तोंड भिंतीकडं फिरवलं.

ती तुंबा धरून तशीच उभी राहिली. पहाटेपर्यंत. त्यानं पाणी घेतलं नाही.

आजोबा थांबले. पडवीत कुणी शेंग मोडत नव्हतं.

"बुडाशी काय आहे?" डल्सीनं हळूच विचारलं.

आजोबांनी तुंबा कंदिलाजवळ धरला. बुडावर चार काळे ठसे होते, आणि पलीकडच्या बाजूला एक. आडव्या पडलेल्या माणसानं खालून भांडं धरावं तसे.

"राळ आहे," आजोबा म्हणाले. "पाइनची. तुमच्या आजीनं कितीदा घासला. निघत नाही."

रूफस दोन पावलं मागं सरला. डल्सीनं कंदील जवळ ओढला. राळ तर चार दिवसांत सुकून दगड होते, हे तिला माहीत होतं. आणि या ठशांना तर कित्येक वर्षं झालेली. तिनं एका ठशावर बोट टेकवलं.

बोट चिकटलं.