रॅबायशेजारचा ससा

"व्युत्पत्ती विभागातली ती खडूस बाई कुठे बसते हो?"

जिन्यात मला अडवून त्यानं हेच विचारलं. काखेत चित्रांची मोठी सपाट पिशवी, केसांवर बाहेरच्या भुरभुर पावसाचे थेंब, आणि डोळे असे, की रागवायचं ठरवूनही रागवता येऊ नये. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, आणि जरा जपून, चावते ती. तो मनापासून आभार मानून वर गेला. मी सावकाश चढले, त्याच्या समोरून जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोला."

तेव्हाचा त्याचा चेहरा आठवला की मी अजूनही एकटीच हसते.

आमच्या कचेरीत तेव्हा मुलांसाठी एक कोश तयार होत होता. परभाषेतले शब्द कुठून आले, वाटेत कसे बदलले, याच्या गोष्टी. गोष्टी मी लिहायची आणि चित्रं तो घरून काढून पाठवायचा, त्यामुळे गाठ कधी पडली नव्हती. 'र'च्या एका पानावर रॅबाय आणि रॅबिट एकाखाली एक आले होते. दिसायला सख्खे भाऊ, पण नात्यागोत्याचा पत्ता नाही. रॅबाय म्हणजे ज्यू लोकांचे गुरुजी. शब्द हिब्रू, मुळात 'थोर' या अर्थाचा. रॅबिट म्हणजे ससा. तो इंग्रजीत बहुधा समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांकडून आला आणि सुरुवातीला फक्त पिल्लालाच रॅबिट म्हणत. मोठ्या सशाचं नाव वेगळं होतं. ते मागे पडलं आणि पिल्लाचं नाव सगळ्यांना चिकटलं. आमचे बाळकाका साठी उलटली तरी बाळच राहिलेत, त्यातलाच प्रकार.

त्या पानाची दोन्ही चित्रं मी कोपऱ्यात पेन्सिलीनं 'परत' असं लिहून परत पाठवली होती.

"यात चूक काय आहे?" त्यानं ससा माझ्यापुढे सरकवला.

"हा रॅबिट नाही, हेअर आहे. लांब तंगड्या, कानांची टोकं काळी. हा उघड्या माळावर राहतो. रॅबिट बिळात राहतो."

"पण आपल्या भाषेत दोघंही..."

"ससेच. माहीत आहे मला. या पानावर मात्र रॅबिटच हवा."

मग मी दुसरं चित्र पुढे केलं. पायघोळ झगा, पोटापर्यंत रुळणारी पांढरी दाढी, हातात काठी. रॅबाय कमी आणि नाटकातला ऋषी जास्त. मी विचारलं, खरे रॅबाय कधी पाहिलेत का? नाही म्हणाला. जिवंत ससा? तो पिशवीचा बंद चाळवत राहिला... मग तेही नाही म्हणाला. निदान थापा मारत नव्हता.

त्यानंतर तो चित्रं पाठवेनासा झाला, स्वतःच घेऊन येऊ लागला. दुसऱ्या सशाचे कान आखूड झाले होते, तंगड्या तशाच होत्या. परत. पण परत करायला मला चांगला तासभर लागला, कारण मध्ये दोनदा चहा झाला. तो बोलायला लागला की वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचा आणि उरलेलं हातांनी हवेत काढायचा. आवडला मला. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे?

आमच्या मुख्य संपादक म्हणजे मोठ्या बाई. त्यांनी दुसऱ्या 'परत'नंतर मला बोलावून घेतलं. पानं रखडत होती, त्या वैतागल्या होत्या. तिसऱ्यांदा चित्र परत गेलं, तर पुढच्या सगळ्या खंडांची चित्रं बाहेरून तयार विकत घ्यायची आणि या चित्रकाराला नमस्कार करायचा, असं त्यांनी सांगून टाकलं. पास करायची सही मात्र माझीच होती.

खोटं कशाला बोलू, मोह झाला. एक सही, की तो पुढची सगळी अक्षरं माझ्या टेबलासमोर बसणार! मुलांना काय कळणार होतं, कोणता ससा ते? पण कुणी त्या पानावर विसंबून ससा ओळखायला जाईल आणि फसेल, या विचारानं हात पुढे होईना. म्हणून मी दुसरी वाट धरली. गावाच्या टोकाला एक वयस्कर रॅबाय राहायचे, त्यांना माझी नोंद दाखवायचीच होती. त्यांच्या परसात ससेही होते. मी त्याला सोबत नेलं.

वाटेत पावसानं गाठलं. माझी छत्री एवढीशी.

"ही चित्रांच्या पिशवीसाठी आहे," मी म्हणाले. "तुम्ही भिजलात तरी चालेल."

"आणि पिशवी माझ्या हातात असेल तर?"

"मग... नाइलाज आहे."

पोहोचेपर्यंत पाऊस जरा थांबला होता. गुरुजी परसात कोबीची पानं चिरत बसले होते. कोपरापर्यंत सरकवलेला स्वेटर, नीट कातरलेली आखूड दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी माझी नोंद वाचली आणि म्हणाले, "ज्यू धर्मगुरू, ठीक आहे. पण 'माझे' कुठे गेलं? रॅबाय म्हणजे 'माझे गुरुजी'. ती हाक आहे, मुली. कुणीतरी मारल्याशिवाय ती होत नाही."

माझे कान तापले. शेजारून हळूच आवाज आला, "परत?"

"परत," म्हणत मी माझीच ओळ खोडली.

मग त्यांनी सशांचं गुपित सांगितलं. त्यांच्याकडे धडे घ्यायला येणारं मूल लाजरं असलं की ते आधी सशाला वाचून दाखवायचं. ससा चुका काढत नाही ना! आवाज मोकळा झाला की मूल आपणहून गुरुजींसमोर येऊन बसायचं. हे ऐकून चित्रकारानं ओल्या जमिनीवरच बसकण मारली आणि काढू लागला. मी पाहत होते. त्याचे ओठ हलत होते.

निघताना गुरुजींनी विचारलं, तुम्ही एकमेकांचे कोण? एका पानावर काम करतो, मी सांगितलं. ते नुसते हसले.

"सशाला काय सांगत होतास?" परतताना मी विचारलं. 'अहो' कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"सराव करत होतो."

"कसला?"

तो छत्रीच्या काठावरून ओघळणारं पाणी बघत राहिला. "अजून मोकळा झाला नाही आवाज."

आठवड्यानं तो तिसरं चित्र घेऊन आला. पायरीवर बसलेले गुरुजी, स्वेटर तसाच वर सरकवलेला, आणि मांडीवर ससा. अगदी अस्सल रॅबिट. दोन नोंदींना मिळून एकच चित्र. इतकं जिवंत, की सशाचं नाक आत्ता हलेल असं वाटलं. मोठ्या बाईंनी चष्मा लावला, "छान आहे की," म्हणाल्या आणि पेन माझ्यापुढे केलं. तो समोरच बसला होता.

मी पेन हातात धरून बसले. मुलं पान उघडतील, दोघांना एकत्र बघतील आणि खुशाल शब्दांचंही नातं जोडतील. खाली मी कंठशोष करून सांगत राहणार, नातं नाही म्हणून. ऐकणार कोण?

"चित्र सुंदर आहे," मी म्हणाले. "पण या पानावर चालणार नाही."

मोठ्या बाई शब्दाच्या पक्क्या. पुढच्या खंडांना त्याची गरज नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. त्यानं शांतपणे चित्र पिशवीत घातलं, मान लववली आणि गेला. मी थोडा वेळ प्रुफं चाळली, एक अक्षरही दिसेना. मग उठून धावत सुटले.

तो समोरच्या कागदाच्या दुकानाच्या वळचणीला उभा होता.

"रागावलास?"

"नाही. हे चित्र गुरुजींना हवंय, तिकडेच निघालोय... तुझी वाट बघत होतो."

"तुझं काम गेलं माझ्यामुळे."

"काम दुसरं मिळेल," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याची वाक्यं शेवटापर्यंत जात होती. "दोघांना वेगळं काढायला बसलो होतो, मला जमलंच नाही. मघाशी तू पेन उचललंस ना, तेव्हा मी मनात म्हणत होतो, करू नकोस पास."

"का?"

"माझ्यासाठी खोटी सही केली असतीस, तर तुझ्या कुठल्याच होकारावर मला विश्वास ठेवता आला नसता. आता ठेवता येईल."

पाऊस वाढला होता. छत्री वर टेबलाशीच राहिली होती.

"मग विचार," मी म्हणाले.

"मी आवडतो का तुला?"

मी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं, घाई न करता.

"हो."

"काही दुरुस्ती?"

त्याच्या कपाळावरचे ओले केस मी हातानं मागे सारले आणि नाही म्हणाले.