पाण्याखालून आलेलं कडवं

दुर्गच्या बाजारात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दामिनी उभी होती. दुकानदाराने तिच्या फोनचा स्पीकर बदलला आणि तपासून बघायला हाताला लागलं ते गाणं लावलं. आधी खंजेरीचा ठेका… मग गिटारचा एक लांबलचक, थरथरता सूर. शेजारी फोनची कव्हरं बघत उभ्या असलेल्या मुलाने झटकन मान वर केली.

"हे 'भोंगा'चं आहे न?"

दामिनी चमकली. 'भोंगा' हा भिलाईतल्या मराठी पोरांचा रॉक बँड. सगळे पोलादाच्या प्लांटमधल्या कामगारांच्या घरचे. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी गणपतीच्या मंडपात वाजवायचे, एकच कॅसेट काढली आणि गप्प झाले. कुणीतरी ती कॅसेट नेटवर टाकली होती. ती ऐकणारी जगात आपण एकटीच, असंच तिला वाटत होतं.

मुलाचं नाव पीयूष. रेल्वेवाल्यांच्या घरातला, स्वतःही दुर्ग स्टेशनवर तिकीट खिडकीत बसणारा, आणि फावल्या वेळात गिटार वाजवणारा. त्याचं म्हणणं, हे सगळं विलायती बँड ऐकून केलेलं आहे. दामिनी भिलाईच्या एका सेक्टरमधल्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती असं थोडंच ऐकून घेणार?

"गिटार असेल विलायती," ती म्हणाली. "पण ठेका आमच्या भंडाऱ्याकडचा आहे. भजनातला."

"वाद घालायचा आहे का तुम्हाले?"

"हो."

"मग चहा घेत घालू."

चहा दोनदा झाला. वाद काही संपला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो सिव्हिक सेंटरच्या बाकावर चालू ठेवला, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. जानेवारीचे दिवस होते. दुपारीही हवेत धुरकट गारवा असायचा, झाडांची टोकं दिसायची नाहीत. पीयूष बोलता बोलता स्वतःचा मफलर काढून तिच्यासमोर बाकावर ठेवायचा, घे म्हणायचा नाही… आणि तीही गप्पांच्या नादात असल्यासारखी तो गुंडाळून घ्यायची.

सगळ्यात जास्त भांडण त्या कॅसेटच्या शेवटच्या गाण्यावरून होई. तळ्याच्या पाण्यात गाव बुडालंय, त्यात एक बाई बुडालीय, आणि काठावर उभा राहून तिचा माणूस तिला विचारतोय —

*काठावर मी दिवा लावतो,*
*तुझ्या अंगणी उजेड पडतो का?*

पीयूष म्हणे, ही इकडची लोककथा. दामिनी म्हणे, मुळीच नाही. ही एका रशियन पुस्तकातली गोष्ट. प्लांट उभारायला रशियन लोक आले, त्यांच्यामागे पुस्तकंही आली. तिच्या बाबांनी, केवलरामांनी, प्रदर्शनातून आणलेलं तसलं एक मराठीत भाषांतर झालेलं पुस्तक तिने लहानपणी वाचलं होतं.

"आणि पुस्तकात ती बाई काहीच उत्तर देत नाही," दामिनी म्हणाली. "यांनी तिसऱ्या कडव्यात तिले बोलतं केलं. तेच तर भारी आहे."

पीयूष तिच्याकडे वळला. "कोणतं तिसरं कडवं?"

"ते, बगळ्यावालं."

"दामिनी… गाण्यात दोनच कडवी आहेत. नंतर नुसतं वाजते."

ती हसली. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. तिने विषय बदलला, आणि घरी जायची घाई केली.

त्यानंतर तिने त्याचे फोन उचलले नाहीत. दुपारी खोलीचं दार लावून ती ते गाणं ऐकत बसे. दुसरं कडवं संपलं की खंजेरी आणि गिटार तेवढी उरत. मग कुणीतरी श्वास घेई — अगदी कानाजवळ, ओल्या गळ्याने — आणि एक बाई गाऊ लागे.

*जाय रे माह्या बगळ्या, पाय गारठले तुहे…*
*बरी आहो मी इथं, घर आता हे माहे.*

मोनालीला, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला, तिने एकदा ऐकवलं होतं. बाई कशी गाते, असं विचारल्यावर मोनाली म्हणाली होती, किती गोड आवाज आहे बाईचा. पण म्हणताना ती ठेक्यावर पाय हलवत होती, तिच्या अंगावर काटा नव्हता. ती मन राखायला बोलली, हे दामिनीला तेव्हाच समजायला हवं होतं.

भीती गाण्याची नव्हती. तिची आई, सिंधुताई, शेवटच्या वर्षांत भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी बोलायची. जेवायला वाढताना एक ताट जास्त मांडायची. घरात त्याबद्दल कुणी मोठ्याने बोललं नाही, पण आत्या एकदा बोलून गेली होती, की असलं रक्तात उतरते. आपलं लग्न होऊ द्यायचं नाही, हे दामिनीने त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

शेवटी पीयूषच शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याने काही विचारलं नाही. ते मैत्रीबागेत गेले, तळ्याकाठी बसले. पाणी शिशासारखं, हलतसुद्धा नव्हतं. तिथे दामिनीने त्याला सगळं सांगितलं — कडवं, आई, आत्या. मग एक इयरफोन त्याला दिला, एक स्वतःच्या कानात घातला.

दुसरं कडवं संपलं. श्वास आला. दामिनीने डोळे मिटले. या वेळी आवाज आणखी जवळचा होता, जणू गाणारी पाठीमागे येऊन वाकली होती.

गाणं थांबल्यावर तिने डोळे उघडले. पीयूष फोनकडे नाही, तिच्या हाताकडे बघत होता. मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा होता.

"खरं सांग," ती म्हणाली.

"मले नाही आलं ऐकू." त्याने इयरफोन काढला. "पण तुले आलं. ते मले दिसलं."

तिला रडू आलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. खोटं बोलून तिचं समाधान करणं किती सोपं होतं त्याला.

पीयूषने तिला ते कडवं पुन्हा म्हणायला लावलं आणि मग त्याच्यातला वाद घालणारा जागा झाला. पहिली दोन कडवी पुस्तकी मराठीत आहेत, तो म्हणाला, आणि हे घरच्या बोलीत. हे लिहिणारं माणूसच वेगळं आहे. तू मनानं रचलं असतं तर आधीच्या दोन्हींसारखंच रचलं असतं. ज्याने गाणं लिहिलं त्यालाच विचारू न.

कॅसेटवर गीतकाराचं नाव होतं बळीराम. पीयूषने वडिलांच्या ओळखीतल्या निवृत्त लोकांकडे विचारपूस केली, आणि रविवारी दोघं वैशाली नगरमधल्या एका बैठ्या घरासमोर जाऊन उभे राहिले. दार उघडलं ते उंच, वाळलेल्या, किंचित वाकलेल्या म्हाताऱ्याने. हेच बळीराम, घरात एकटेच. 'भोंगा'चं नाव ऐकून त्यांनी दोघांना आत घेतलं, पाणी दिलं. दोघांचा वाद ऐकून ते पहिल्यांदा हसले. दोघंही बरोबर होते: गिटारवाला विलायती कॅसेटी ऐकून शिकला होता, खंजेरीवाला भंडाऱ्याच्या भजन मंडळातला होता. आणि गोष्ट रशियन पुस्तकातलीच.

"काकाजी, मग गाण्यात बाई उत्तर कावून देत नाही?" पीयूषने विचारलं.

बळीरामांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. बँडमध्ये एक मुलगी गायची, कांता. दोघांचं लग्न ठरलं होतं. गाण्यात माणसाचं बोलणं मी लिहिलं, बाईचं तू लिही, असं त्यांनीच तिला म्हटलं होतं. तिच्या कडव्यापुरती जागा सोडून बाकीचं रेकॉर्डिंग झालं. कडवं मनात तयार आहे, उद्या तिथंच ऐकवते, असं म्हणून ती गेली. दुसऱ्या दिवशी दुर्गहून येताना तिची बस उलटली. जागा रिकामीच राहिली, कॅसेट तशीच काढली.

"काय लिहिलं होतं तिनं, कोणाले मालूम नाही," ते म्हणाले.

पीयूषने दामिनीच्या हातातला पेला हळूच काढून घेतला आणि तिच्याकडे बघून 'सांग' अशी मान हलवली.

मग ती गायली. गाणारी नव्हतीच ती, आवाज फाटत होता. पण दुसऱ्या ओळीला तो आवाज तिचा राहिला नाही… खोलीत ओल्या मातीचा वास आला, आणि हा वास पीयूषलाही आला. त्याने दचकून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

बळीराम गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "बगळ्या," ते पुटपुटले. "ती मले बगळ्या म्हणे. आमा दोघांशिवाय कोणालेच माहीत नाही हे."

थोड्या वेळाने त्यांनी आणखी सांगितलं. कांताच्या अस्थी शिवनाथ नदीत सोडल्या होत्या. तेव्हापासून दर अवसेला पहाटे ते नदीवर जात आणि पाण्यात उभे राहत, पाय बधिर होईपर्यंत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आता नाही जाणार," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे. त्यांचं तोंड दामिनीकडे नव्हतं.

बाहेर आले तेव्हा संध्याकाळ उतरत होती. प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबूस झालं होतं. दोघं पीयूषच्या स्कूटरपाशी आले.

"पीयूष," दामिनी म्हणाली, "हे असं पुन्हा होऊ शकते. जन्मभर होऊ शकते."

"होऊ दे न."

"तुले भीती नाही वाटत?"

"वाटून राहिली." त्याने किल्ली काढली, पण स्कूटरला लावली नाही. "पण तू नाही भेटशील, याची त्याहून जास्त वाटते. तुले जे ऐकू येईल ते मले सांगत जा. मले नाही आलं ऐकू तर नाही म्हणीन. पण जाणार नाही कुठं… एवढंच सांगायचं होतं. दुकानात भेटली त्या दिवशीपासून सांगायचं होतं."

ती खाली मान घालून ऐकत होती. लग्न होऊ द्यायचं नाही असं ठरवलेलं तिला आठवलं, आणि ते कुणा दुसऱ्याच मुलीने ठरवलेलं वाटलं. तिने त्याच्या हातातली किल्ली घेतली, स्वतः स्कूटरवर पुढे बसली आणि मागची जागा थोपटली.

"चाल. बाबा घरी आहेत. चहा घेऊन जा."

"अन् मी कोण म्हणून सांगू त्याइले?"

"ते मी सांगीन," दामिनी म्हणाली आणि तिने स्कूटर सुरू केली.