डावीकडचं वजन

जुनी बोट आणि जुना नवरा, दोघांबाबत तनुजाचं धोरण एकच होतं: थोडी कुरकुर चालू आहे तोवर काळजी नाही, अगदी गप्प झाले की बघायचं.

इनबोर्ड बोटीचं इंजिन तिच्या पोटात असतं. तिथून निघालेला दांडा तळातून बाहेर पंख्यापर्यंत जातो, आणि जिथून तो बाहेर पडतो तिथं विहिरीच्या पंपाला असते तशीच ग्लँडची दोरी भरलेली असते. ती थेंब थेंब गळली पाहिजे. कोरडी पडली की दांडा तापतो, दोरी जळते. हे तनुजाला कोणी शिकवलं नव्हतं. खराडीच्या शेतात वडिलांच्या मागे विहिरीवर जाता जाता तिला ते आलं होतं, आणि वडील गेल्यावर पंप तिच्याच गळ्यात पडला होता.

ते शेत आता नव्हतं. तिथं आयटी पार्कचं तळघर खोदणं चालू होतं. आलेल्या पैशांतून तिच्या धाकट्या भावाने, रणजितने, मुंबईच्या कुठल्याशा क्लबात धूळ खात पडलेली ही बोट उचलली होती. रणजित हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसायचा. कंपनीने अमेरिकेला पाठवलं, तिथून तो वेकबोर्डिंगचं वेड घेऊन आला. पाय एका फळीला बांधायचे, बोटीमागच्या दोरीला लोंबकळायचं आणि बोटीने उठवलेल्या लाटेवरून हवेत उडायचं.

"ताई, वीकेंडला अख्खी हिंजवडी येईल बघ, पैसे देऊन आपटायला."

"आपटायला महापालिकेचे रस्ते आहेत की. तेही फुकट," तनुजा म्हणाली, आणि कामाला लागली.

खडकवासल्याच्या बॅकवॉटरला एका ओळखीच्या माणसाच्या शेडमध्ये बोट ठेवली होती. तनुजाने इंजिनातलं ऑइल बदललं, पाणी खेचणारं रबरी चक्र नाना पेठेत हिंडून मापाचं मिळवलं, दोरी उंचावरून बांधता यावी म्हणून पाइपची कमान वेल्डिंग करून घेतली. राहिली लाट. ही बोट मुळात पाण्यावर स्कीइंग करणाऱ्यांसाठी घडवलेली. मागचं पाणी सपाट ठेवते, हीच तिची ख्याती. तिने उंच लाट उठवायची तर उपाय एकच, मागच्या बाजूला वजन. परदेशात त्यासाठी पाणी भरायच्या खास पिशव्या मिळतात. रणजितने युरियाच्या गोण्यांत माती भरून आणली.

एका गोणीची शिवण उसवली होती. तनुजाने ती उघडली. काळी माती, तिच्यात बाभळीचे काटे आणि चुना लावलेल्या दगडाची एक कपची.

"कुठली माती रे ही?"

"आपलीच. पोकलेनवाल्याला म्हटलं, भर थोडी."

"आपली, पण कुठली?"

रणजित मोबाइलमध्ये बघत होता. "कोपऱ्यातली. तिथली सैल होती."

विहिरीपलीकडच्या त्या कोपऱ्यात त्यांच्या आईचा, आनंदीबाईंचा, पहिला मुलगा होता. बारशाच्या आतच गेलेला. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत. पुरतात, वर काटे आणि दगड ठेवतात. दर दिवाळीला घराच्या उंबऱ्याआधी आई त्या दगडाला चुना लावायची. जमीन विकताना तिची एकच अट होती, तेवढा कोपरा सोडायचा. ते ऐकून बिल्डरचा माणूस हसला होता. "ताई, तूच बोल, तुझं ऐकते ती," रणजित म्हणाला होता. आणि तनुजाने आईचा अंगठा आपल्या हातात धरून, शाईवर टेकवता टेकवता सांगितलं होतं, "सोडलाय आई. कागदात तसं घातलंय."

आईला वाचता येत नव्हतं.

तनुजाने कपची परत मातीत टाकली. सुतळी-दाभण घेऊन गोणीचं तोंड शिवलं आणि गोणी मागच्या बाकाखाली सरकवली.

पहिल्याच फेरीला लाट अशी उठली की रणजित पाण्यात पडल्या पडल्या ओरडत होता. गुळगुळीत, उंच, घडीव लाट. फक्त बोट मागून डावीकडे जराशी कलत होती. तनुजाने दोन गोण्या उजवीकडे हलवल्या. कल तसाच राहिला. सगळ्या उजवीकडे टाकल्या. तरी डावीकडेच.

जुन्या बोटींचा हा रोग तिला माहीत होता. तळात भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी पितो आणि जड होतो. तिने डाव्या अंगाला भोक पाडून फोम उकरला. तो भुसभुशीत, कोरडा ठणठणीत निघाला. तळात पाणी नव्हतं. ग्लँड शहाण्यासारखी थेंब थेंब गळत होती.

पुढच्या रविवारी कल वाढला होता. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. बोटीच्या अंगावर पाण्याच्या पातळीची निळी पट्टी होती, ती मागे डावीकडे हळूहळू बुडत चालली होती. एकदम नाही, रोजचं थोडं थोडं. तनुजाची दोन बाळंतपणं झाली होती. असं अंगाला लागत वाढणारं वजन तिच्या ओळखीचं होतं, आणि ती ओळख तिला नको होती.

"लाट मात्र सॉलिड येतेय," रणजित म्हणाला. "तू हात नको लावूस आता."

तिने हात लावला. गोण्या टेम्पोत घालून ती खराडीला गेली. पत्र्याच्या कुंपणाशी वॉचमनने अडवलं.

"मॅडम, लोक इथून माती न्यायला येतात. तुम्ही आणताय?"

"इथलीच आहे. होती तिथं टाकते आणि जाते."

"कुठं टाकणार?" त्याने पत्रा बाजूला केला.

तिने आत पाहिलं. कोपरा नव्हता. विहीर नव्हती. चौकोनी खड्डा होता, आणि तळाशी पिवळ्या टोप्या घातलेली बोटाएवढी माणसं सळया बांधत होती. माती ठेवायची तर कशावर ठेवायची?

ती तशीच फिरली. धरणाच्या काठाला एका करंजाखाली तिने स्वतःच्या हातांनी गोण्या मोकळ्या केल्या, हात जोडले, आणि शेडमध्ये येऊन रिकामी बोट पाण्यात ढकलली.

बोट डावीकडे कलली.

मागच्या बाकावर काही नव्हतं. रेक्झिनची गादी मात्र एका जागी दबलेली होती. तनुजाने त्यावर हात ठेवला नाही.

उद्घाटनाला नारळ आईनेच फोडायचा, असं रणजितने परस्पर ठरवून टाकलं. तनुजा नको म्हणाली. कारण विचारल्यावर तिला सांगता येईना. कारण सांगायचं तर कोपरा सांगावा लागला असता.

आई नवं लुगडं नेसून आली. नारळ फोडला, पुढच्या टोकाला हळद-कुंकू लावलं. मग कोणी न सांगता पदर खोचून बोटीत चढली. पुढची चांगली जागा सोडून मागे गेली आणि डावीकडे बसली.

तनुजा काठावर उभी होती. तिचं लक्ष निळ्या पट्टीवर होतं.

एक माणूस बोटीत वाढलं होतं. पट्टी खाली जायला हवी होती.

ती वर आली.

हळूहळू पाण्यातून निथळत वर आली. बोट सरळ झाली.

"तनुजे," आईने हाक मारली. ती पाण्याकडे बघत होती. एक मांडी हलकेच हलत होती. "कोपरा तसाच हाय न्हवं?"

आता सांगता आलं असतं. रणजित दोरी सोडवत होता, आसपास दुसरं कोणी नव्हतं.

"आहे ना, आई," तनुजा म्हणाली. "तसाच आहे."

आईने मान हलवली.

फेरी झाली. त्या दिवशी लाट अजिबात उठली नाही. रणजित इंजिनाला शिव्या घालत मागेच थांबला. तनुजाने गाडीतून आईला घरी आणलं. वाटभर आई मागच्या सीटवर काहीतरी पुटपुटत होती. आरशात तिचे ओठ दिसत होते, शब्द कळत नव्हते.

सोसायटीत पोचेतो दिवेलागण झाली होती. लिफ्ट खालीच होती. आई आधी आत गेली. लिफ्ट आठ माणसांची, आत दुसरं कोणी नाही. तरी ती अंग चोरून उजव्या कडेला उभी राहिली.

तनुजाने आत पाऊल टाकलं.

वर लाल दिवा लागला. ओव्हरलोडचा भोंगा वाजायला लागला.

तिने पाय मागे घेतला. भोंगा थांबला.

पुन्हा टाकला. पुन्हा वाजला.

आईने आपला डावा हात जरा सावरून धरला, एखादं कडेवरचं जड मूल सावरतात तसा, आणि लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

"तू जिन्यानं ये," ती म्हणाली.